गोड्या पाण्यातलं शैवाल, मीठ आणि पोषकद्रव्यं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिठाचा शैवालावर काय परिणाम होतो, असं विचारणारे लोक साधारण दोन प्रकारचे असतात. काहीजण प्रयोगशाळेत फ्लास्क मांडून बसलेले असतात, तर काहीजण हिरव्यागार झालेल्या तळ्याच्या काठावर डोक्याला हात लावून उभे असतात. दोघांना एकच उत्तर दिलं, तर त्यातला एक हमखास फसतो. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये आपण फ्लास्कबद्दल बोलतोय की तळ्याबद्दल, हे जिथे महत्त्वाचं आहे तिथे वेगळं सांगितलं आहे.

गोडं पाणी म्हणजे नेमकं किती गोडं?

लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपर्यंत क्षार विरघळलेले असतील तर ते गोडं पाणी. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण लिटरला साधारण ३५ ग्रॅम असतं. या दोहोंच्या मधलं सगळं मचूळ. मोजण्याची सोपी वाट म्हणजे विद्युतवाहकता. सेंटिमीटरला १ मिलिसीमेन्स वाहकता भरली, तर लिटरमध्ये अंदाजे ०.५ ते ०.७ ग्रॅम क्षार आहेत असं धरतात. क्षार कोणते आहेत त्यावर हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. अर्धा ग्रॅम ही रेघ माणसांनी सोयीसाठी ओढलेली आहे. पाण्यातले जीव ती पाळत नाहीत. काहींना त्याच्या निम्म्यातच त्रास सुरू होतो.

क्षारता, लवणता, अल्कता: सगळं एकच का?

नाही. मराठीत ‘क्षारता’ हा शब्द दोन्हीकडे वापरला जात असल्याने गोंधळ होतो. पाण्यात एकूण क्षार किती विरघळलेत, ती लवणता. आम्ल शोषून पीएच फारसा न हलू देण्याची पाण्याची ताकद, ती अल्कता. ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमुळे येते. या पानावर ‘खारेपणा’ म्हटलं की लवणता समजावी.

पाणी खारं झालं की शैवालाच्या पेशीत काय होतं?

हे पाहायचं असेल तर स्पायरोगायराचे चार धागे काचपट्टीवर घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पेशी आणि आत स्क्रूच्या आट्यांसारखी फिरलेली हिरवी फीत दिसेल. आता आच्छादक काचेच्या एका कडेला मिठाच्या तीन-चार टक्के द्रावणाचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्या. काही मिनिटांत पेशीचं पटल भित्तीपासून सुटू लागतं. आधी कोपऱ्यांत फटी दिसतात, मग आतला सगळा ऐवज गोळा होऊन मधोमध येतो आणि फितीचे आटे एकमेकांत दबतात. हाच पुस्तकातला रससंकोच. बाहेरचं पाणी जास्त खारं असल्याने परासरणाने आतलं पाणी बाहेर गेलेलं असतं. लगेच साधं पाणी सोडलं तर पुष्कळशा पेशी पुन्हा फुगतात. उशीर केला तर नाही.

गोड्या पाण्यातल्या शैवालाची नेहमीची अडचण याच्या अगदी उलट असते. त्याच्या पेशीत बाहेरून सतत पाणी शिरत असतं. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवालाकडे तर हे पाणी उपसून बाहेर टाकण्यासाठी टोकाशी दोन संकोची रिक्तिका असतात. त्या भरतात, रिकाम्या होतात, पुन्हा भरतात. बाहेर मीठ वाढलं की या पंपाला कामच उरत नाही आणि पेशीला अचानक पाणी राखून ठेवण्याची वेळ येते.

पाणी जाणं हा पहिला फटका. दुसरा आयनांचा. सोडियम आत शिरून पोटॅशियमची जागा घेऊ पाहतं, आणि पेशीतली अनेक विकरं पोटॅशियमच्या भरवशावर चालतात. सोडियम बाहेर फेकायला ऊर्जा लागते. त्यातच प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा, विशेषतः फोटोसिस्टिम दोन, कोलमडायला लागली की घेतलेला प्रकाश वापरला जात नाही आणि त्यातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. म्हणूनच खाऱ्या फ्लास्कमधलं शैवाल मंद प्रकाशात बऱ्यापैकी तग धरतं आणि तीव्र प्रकाशात लवकर पांढुरकं पडतं.

यावर पेशीचा उपाय म्हणजे स्वतःच्या आत निरुपद्रवी विद्राव्य साठवून बाहेरच्या दाबाशी बरोबरी करणं. सायनोबॅक्टेरिया म्हणजे निळं-हिरवं शैवाल. त्यांच्यात यावरून चक्क प्रतवारी लावता येते. ज्यांना मीठ फारसं सोसत नाही ते सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज बनवतात, मध्यम सोसणारे ग्लुकोसिलग्लिसरॉल, आणि अतिखाऱ्या पाण्यातले ग्लायसिन बीटाइन. मिठागरात वाढणारं ड्युनालिएला ग्लिसरॉल साठवतं. त्या पेशीला कडक भित्तीच नसते, त्यामुळे ती सरळ आकार बदलून वेळ निभावते.

मग किती मीठ झालं की शैवाल मरतं?

‘शैवाल’ असं एकगठ्ठा विचारलं तर या प्रश्नाला उत्तर नाही. प्रयोगशाळेतल्या क्लॅमिडोमोनासची वाढ लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास मीठ झालं की स्पष्ट मंदावते. त्याच सुमारास एक गंमत दिसते. एरवी दोन कशाभिकांनी सुटंसुटं पोहणाऱ्या पेशी चिकट आवरणात एकत्र गुंडाळल्या जाऊन छोटे गुच्छ करतात. मायक्रोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाचे काही वाण लिटरला १० ग्रॅमपर्यंत मीठ असूनही फारसं न बिचकता वाढतात. कारा या मोठ्या शैवालाच्या बहुतेक जाती गोड्या पाण्यातल्या, पण कारा कॅनेसेन्स ही जात मचूळ पाण्यातच रमते.

शिवाय मीठ कसं वाढलं यालाही महत्त्व आहे. रोज थोडं थोडं वाढवलं तर तीच जात जेवढं सहन करते, तेवढं एकदम ओतल्यावर करत नाही. विद्राव्य बनवायला तिला काही तासांपासून काही दिवस हवे असतात. तेव्हा कोणी एकच आकडा सांगून ‘याच्यावर शैवाल जगत नाही’ म्हणत असेल, तर जात कोणती, मीठ कोणतं आणि किती वेळात दिलं, हे विचारा.

थोडं मीठ वाढीला चांगलं असतं, हे खरं का?

कधी कधी. अगदीच मृदू पाण्यात सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम यांचीच टंचाई असते, तिथे चिमूटभराने फरक पडतो. बीजी-११ सारख्या तयार माध्यमात (प्रयोगशाळेत शैवाल वाढवायच्या पोषक द्रावणात) मात्र आधीच भरपूर सोडियम असतं. तिथे हा फायदा शोधत बसण्यात अर्थ नाही.

सगळे क्षार सारखेच का? मिठाऐवजी दुसरं काही टाकलं तर?

सारखे नाहीत. वाहकता तीच ठेवून सोडियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम सल्फेट यांचे तीन फ्लास्क लावले, तर तिन्हींची वाढ वेगळी दिसते. कॅल्शियम पेशीपटल सावरतं आणि सोडियमचा त्रास काहीसा कमी करतं. पण तेच कॅल्शियम फॉस्फेटला धरून तळाशी बसतं, त्यामुळे शैवाल खारेपणाने नाही तर फॉस्फरसच्या उपासमारीने थांबतं. क्लोराइड नायट्रेटच्या शोषणात आडवं येऊ शकतं. सल्फेटची गोष्ट सगळ्यांत मजेशीर. ते रचनेने मॉलिब्डेटसारखं असतं आणि शोषणाच्या दाराशी त्याच्याशी स्पर्धा करतं. नायट्रेट वापरायला आणि हवेतला नायट्रोजन स्थिर करायला मॉलिब्डेनम लागतं. म्हणजे सल्फेट वाढवून तुम्ही नकळत नायट्रोजनचा रस्ता अरुंद करता.

शैवालाला कोणती पोषकद्रव्यं लागतात आणि किती?

कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह आणि सूक्ष्म मात्रेत मॅंगेनीज, जस्त, तांबं, मॉलिब्डेनम. डायटमना काचेसारखं कवच करायला सिलिकाही हवा. काहींना बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून मिळावं लागतं.

प्रमाणासाठी रेडफिल्ड गुणोत्तर सांगतात: कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १. हे अणूंच्या संख्येत आहे. वजनात मांडलं तर ते साधारण ४१ : ७ : १ होतं. ही दोन्ही रूपं एकमेकांत मिसळून केलेले हिशेब मी इतक्यांदा पाहिलेत की आता कोणी ‘गुणोत्तर १६ आलं’ म्हटलं की पहिला प्रश्न ‘मोलमध्ये की मिलिग्रॅममध्ये?’ हाच असतो. आणखी एक. रेडफिल्ड या शास्त्रज्ञाचं मोजमाप समुद्रातल्या प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं होतं. गोड्या पाण्यातल्या शैवालाचं गुणोत्तर जातीप्रमाणे आणि उपासमारीप्रमाणे बरंच वरखाली होतं. ती सरासरी आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे.

वजनाच्या गुणोत्तरावरून एक गोष्ट मात्र डोळ्यांपुढे येते. १ ग्रॅम फॉस्फरस पाण्यात पडला आणि बाकी सगळं मुबलक असलं, तर त्यावर ४१ ग्रॅम कार्बन असलेलं शैवाल उभं राहतं. वाळवल्यावर ते ऐंशी-शंभर ग्रॅम भरेल. ओलं असताना त्याच्या कितीतरी पट.

नायट्रोजन आवरायचा की फॉस्फरस?

या वादात एक प्रयोग नेहमी पुढे येतो. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये प्रयोगांसाठी राखून ठेवलेली काही सरोवरं आहेत. त्यातल्या क्रमांक २२६ च्या सरोवराचा आकार मध्ये चिंचोळा. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी त्या चिंचोळ्या जागी प्लास्टिकचा पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात पडद्याच्या एका बाजूला गडद पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाट हिरवं दिसतं. हिरवा भाग अर्थातच फॉस्फरसवाला.

यामागचं कारण असं. नायट्रोजन कमी पडला तर हेटेरोसिस्ट (नायट्रोजन स्थिर करणाऱ्या खास पेशी) असलेले डोलिकोस्पर्मम, अ‍ॅफॅनिझोमेनॉन यांसारखे सायनोबॅक्टेरिया तो हवेतून घेऊ शकतात. फॉस्फरसला हवेतला साठा नाही. म्हणून सरोवरांत आधी फॉस्फरस रोखा, असा सल्ला रूढ झाला आणि माझ्या मते तो पाया म्हणून आजही बरोबर आहे. पण मायक्रोसिस्टिस हवेतला नायट्रोजन स्थिर करत नाही. त्याला तो पाण्यातूनच मिळावा लागतो, म्हणून जिथे त्याचा उपद्रव आहे तिथे नायट्रोजनकडे काणाडोळा करून चालत नाही. शिवाय सरोवरातलं पाणी पुढे खाडीत आणि समुद्रात जातं, आणि तिथे बहुतेकदा नायट्रोजनचीच टंचाई असते.

किती फॉस्फरस म्हणजे जास्त? एकूण फॉस्फरस लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर सरोवर अल्पपोषित, ३५ च्या वर अतिपोषित आणि १०० च्या वर गेलं की हिरवा रस्सा, अशी ढोबळ विभागणी आहे. मिलिग्रॅम नव्हे, मायक्रोग्रॅम. म्हणूनच तळ्याला हिरवं करायला लागणारं खत इतकं थोडं असतं.

खत दुप्पट केलं तर शैवाल दुप्पट होईल का?

टंचाई ज्या घटकाची आहे तोच वाढवला, तर काही काळ होईल. भलताच वाढवला तर काहीच होणार नाही. सर्वांत तुटपुंजा घटक वाढ ठरवतो, हा नियम लीबिगच्या नावाने ओळखला जातो. आणि नेमका तोच घटक वाढवला तरी वेग एका मर्यादेला टेकतो. मग प्रकाश आडवा येतो. दाट झालेलं शैवाल स्वतःच्याच सावलीत बसतं.

दोन प्रसिद्ध माध्यमं शेजारी ठेवून पाहा. बीजी-११ मध्ये लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट आणि ०.०४ ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट असतं. मोलमध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरसचं गुणोत्तर जवळपास ७७ येतं. बोल्डच्या माध्यमात सोडियम नायट्रेट फक्त ०.२५ ग्रॅम आणि दोन फॉस्फेट मिळून गुणोत्तर जेमतेम १.७. रेडफिल्डचा १६ दोन्हींपासून लांब. तरीही क्लोरेला दोन्हींत मजेत वाढतो! कारण दोन्हींत सगळंच इतकं मुबलक आहे की सुरुवातीचे काही दिवस टंचाई कशाचीच नसते. गुणोत्तराला अर्थ येतो तो काहीतरी संपत आल्यावर.

आणखी एक खाचखळगा. शैवाल पोटभर जेवून वर शिदोरीही बांधून घेतं. फॉस्फेट मिळालं की ते पॉलिफॉस्फेटच्या कणांच्या रूपात साठवतं आणि पाण्यातला फॉस्फेट शून्य झाल्यावरही काही पिढ्या त्यावर काढतं. मायकेल ड्रूप यांनी १९६८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्वावर काम करताना हेच गणितात मांडलं: वाढ बाहेरच्या पाण्यातल्या प्रमाणावर नव्हे, तर पेशीतल्या साठ्यावर ठरते. तेव्हा ‘पाण्यात फॉस्फेट सापडत नाही, तरी तळं हिरवं कसं?’ याचं उत्तर बरेचदा ‘तो सगळा शैवालाच्या पोटात आहे’ असं असतं.

अमोनिया चांगला की नायट्रेट?

अमोनियम घेणं पेशीला स्वस्त पडतं, नायट्रेटला आधी क्षपण करावं लागतं. पण भर दुपारी दाट शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून पीएच ९ च्या वर नेतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ९.२५ असेल तर अमोनियमपैकी निम्मं मुक्त अमोनिया झालेलं असतं, आणि ते शैवालाला आणि माशांना दोघांना घातक. अमोनियम देणार असाल तर पीएचवर नजर ठेवा.

भरपूर खत दिलं तर शैवाल जास्त मीठ सोसतं का?

काही प्रमाणात हो. मीठ सोसण्याचा खर्च असतो: सोडियम बाहेर फेकायला ऊर्जा, बिघडलेली प्रथिनं पुन्हा बनवायला नायट्रोजन. त्यात विद्राव्य कोणतं यानेही फरक पडतो. सुक्रोज आणि ग्लिसरॉलमध्ये नायट्रोजन नसतो, प्रोलीन आणि ग्लायसिन बीटाइनमध्ये असतो. ज्या जाती दुसऱ्या गटावर अवलंबून आहेत त्यांना नायट्रोजनच्या टंचाईत मीठ जास्त झोंबतं.

पण याची दुसरी बाजू वाचकांच्या लक्षात येत नाही. उपाशी शैवाल आधीच इतकं हळू वाढत असतं की मिठाचा परिणाम दिसायला जागाच नसते. पोटभर खाल्लेलं शैवाल वेगात असतं, म्हणून मिठाने झालेली घसरण आकड्यांत मोठी दिसते. आलेखावर ‘जास्त खतात मीठ अधिक घातक’ असं वाटतं, पण तिथेही वाढ उपाशी फ्लास्कपेक्षा जास्तच असते. टक्केवारी आणि प्रत्यक्ष वेग दोन्ही छापा.

फ्लास्कमध्ये मिठाने शैवाल घटलं. मग खारं होत चाललेलं तळं आणखी हिरवं कसं होतं?

सगळ्या प्रश्नांतली मेख हीच. फ्लास्कमध्ये शैवाल एकटं असतं. तळ्यात त्याला खाणारे असतात, त्याच्यावर सावली धरणारी माती असते, खाली गाळ असतो. आणि यांपैकी कितीतरी गोष्टींना मीठ शैवालाच्या आधी गाठतं.

सर्वांत आधी डॅफ्निया. पाण्यातला हा पिसवेएवढा जीव दिवसभर पाणी गाळून शैवाल खातो. पाण्यातल्या जीवांसाठी दीर्घकाळच्या क्लोराइडची मार्गदर्शक मर्यादा अमेरिकेत लिटरला २३० मिलिग्रॅम आणि कॅनडात १२० आहे. मिठात मांडायचं तर अनुक्रमे सुमारे ३८० आणि २०० मिलिग्रॅम. दोन्ही आकडे गोड्या पाण्याच्या अर्ध्या ग्रॅमच्या रेघेच्या आतच आहेत. उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या चार देशांत सोळा ठिकाणी एकाच पद्धतीने केलेले प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. या मर्यादांच्या आतच बहुतेक ठिकाणी प्राणिप्लवक, म्हणजे डॅफ्नियासारखे तरंगणारे छोटे प्राणी, निम्म्याहून कमी झाले आणि जवळपास निम्म्या ठिकाणी शैवाल वाढलं. मिठाने शैवालाला खत घातलं नव्हतं. त्याच्या डोक्यावरचे चरणारे हटवले होते.

मग माती. गढूळ पाण्यातले चिकणमातीचे कण एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. क्षार वाढले की ते लोटणं थांबतं, कण गोळा होऊन खाली बसतात आणि पाणी स्वच्छ होतं. काठावरच्या माणसाला बरं वाटतं, पण खरा फायदा शैवालाचा, कारण प्रकाश आता खोलवर जातो.

आणि गाळ. तळाशी लोहाने फॉस्फेट धरून ठेवलेलं असतं. खाऱ्या पाण्याबरोबर सल्फेट आलं की प्राणवायू नसलेल्या गाळातले जिवाणू त्याचं सल्फाइड करतात, सल्फाइड लोहाला पकडतं आणि फॉस्फेट मोकळं होतं. शिवाय खारं पाणी जड असल्याने तळाशी थर करून बसतं, वरचं पाणी खाली मिसळत नाही, तळाचा प्राणवायू संपतो आणि हीच प्रक्रिया आणखी जोर धरते. एक पोतंही खत न टाकता तळ्याला खत मिळतं.

शेवटचं म्हणजे पाहुणे. २०२२ च्या उन्हाळ्यात पोलंड आणि जर्मनीतून वाहणाऱ्या ओडर नदीत शेकडो टन मासे मेले. कारण निघालं प्रिम्नेशियम पार्वम नावाचं सोनेरी शैवाल, जे मुळात मचूळ पाण्यातलं. खाणी आणि उद्योगांच्या खाऱ्या सांडपाण्याने नदी त्याला राहण्याजोगी झाली होती, पोषकद्रव्यं होतीच, उष्णता होती आणि पाण्याची पातळी खाली गेली होती. खारेपणाने तिथे एका शैवालाला हाकलून दुसऱ्याला जागा करून दिली.

मग तळ्यातलं शेवाळ घालवायला मीठ टाकावं का?

टाकू नका. शैवाल मरेल एवढं मीठ टाकलं, तर त्याआधी तळ्यातलं बाकी बरंच काही मेलेलं असेल, आणि त्याहून कमी टाकलं तर वर सांगितलेलं सगळं घडेल. म्हणजे आगीतून फुफाट्यात. खत एक वेळ झाडंझुडपं शोषून घेतील, क्लोराइड कोणीच खात नाही. ते पाण्याबरोबर वाहून जाईपर्यंत तिथेच राहतं.

मिठाने मेलेलं शैवाल विषारी असतं का?

मायक्रोसिस्टिससारखं असेल तर धोका वाढतो. त्याचं विष, मायक्रोसिस्टिन, बहुतांशी पेशीच्या आत असतं. खारेपणा सोसण्यापलीकडे गेला की पेशी गळू लागतात आणि विष पाण्यात उतरतं. पेशीत असेपर्यंत ते गाळून काढता येतं, विरघळल्यावर साध्या गाळणीने नाही. पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआरची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे. उकळल्याने हे विष जात नाही.

मीठ आणि पोषकद्रव्यं दोन्हींचा प्रयोग कसा मांडावा?

मिठाच्या चार पातळ्या, पोषणाच्या तीन आणि प्रत्येकाच्या तीन प्रती, असे ३६ फ्लास्क होतात. ३६ ऐकून लोक आधी नुसतं मीठ बदलतात आणि मग नुसतं खत. तसं केलं तर दोन्ही मिळून काय करतात हा मूळ प्रश्नच हातातून निसटतो. जागा कमी असेल तर पातळ्या कमी करा, पण जाळी पूर्ण ठेवा, म्हणजे मिठाच्या प्रत्येक पातळीला पोषणाची प्रत्येक पातळी जोडा.

मिठासाठी शुद्ध सोडियम क्लोराइड घ्या. आयोडीनयुक्त मिठात गाठी होऊ नयेत म्हणून इतर पदार्थ घातलेले असतात. आता एक बारीक पण घातक गोष्ट. बीजी-११ मधला नायट्रोजन दहापट कमी करायचा म्हणून सोडियम नायट्रेट १.५ वरून ०.१५ ग्रॅमवर आणलं, तर सोबत सोडियमही कमी झालं. मग ‘कमी नायट्रोजन’च्या फ्लास्कला ‘कमी सोडियम’ही मिळालेलं असतं. ते भरून काढायला लिटरला सुमारे ०.९३ ग्रॅम सोडियम क्लोराइड घालावं लागतं. तसंच ‘शून्य मीठ’ लिहिलेल्या पूर्ण बीजी-११ मध्ये लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम आधीच असतं, हे वहीत नोंदवा.

बीजशैवाल सरळ मुख्य बाटलीतून घेऊ नका. ते फॉस्फरसची शिदोरी घेऊन येतं आणि तुमचा ‘शून्य फॉस्फरस’ फ्लास्क आठवडाभर आनंदाने वाढतो. फॉस्फरस नसलेल्या माध्यमात तीन-चार दिवस ठेवून मग वापरा.

जागा बदलत राहा. माझ्या पहिल्या प्रयोगात मिठाबरोबर वाढही वाढताना दिसली. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की फ्लास्क मी मिठाच्या क्रमाने ओळीत लावलेत आणि ओळीचं खारं टोक ट्यूबलाइटच्या बरोबर खाली आहे. तेव्हापासून चिठ्ठ्या टाकून जागा ठरवतो आणि रोज फिरवतो.

वाढ मोजायची कशी?

पेशी मोजा. नुसत्या रंगमापकावर विसंबू नका. ६८० नॅनोमीटरला हरितद्रव्य प्रकाश शोषतं, पण मिठामुळे पेशीमागचं हरितद्रव्यच कमी होतं, त्यामुळे पेशी तेवढ्याच असून आकडा पडतो. ७५० नॅनोमीटर त्यापेक्षा बरा, पण पेशींनी गुच्छ केले की तोही फसवतो. रक्तपेशी मोजायच्या काचेवर १ चौरस मिलिमीटरच्या चौकटीत जेवढ्या पेशी दिसतील, त्याला दहा हजाराने गुणलं की मिलिलिटरमधली संख्या मिळते. गुच्छ असतील तर मोजण्याआधी नमुना हलक्या हाताने नीट हलवा.

वेग काढायला शेवटच्या आणि सुरुवातीच्या संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदममधली वजाबाकी घ्या आणि दिवसांनी भागा. ०.६९३ ला त्या वेगाने भागलं की दुप्पट व्हायला लागणारा वेळ. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१ क्रमांकाच्या प्रमाणित शैवाल-चाचणीत ७२ तासांत बिनमिठाच्या नियंत्रण फ्लास्कमध्ये निदान सोळापट वाढ व्हावीच लागते. म्हणजे दिवसाला ०.९२ वेग, अठरा तासांत दुप्पट. तुमचं नियंत्रणच एवढं वाढत नसेल, तर मिठाबद्दल काही म्हणण्याआधी प्रकाश आणि तापमान तपासा.

शैवाल हिरव्याचं पिवळं किंवा लाल झालं, ते मेलं का?

बहुधा नाही. नायट्रोजन संपला की पेशी स्वतःचं हरितद्रव्य मोडून त्यातला नायट्रोजन वापरतात, म्हणून पिवळेपणा येतो. हेमॅटोकोकस मिठाने किंवा उपासमारीने जाड कवच करून लालभडक अ‍ॅस्टाझॅन्थिन साठवतो. क्लोरेलाच्या अनेक जाती अशा वेळी तेलाचे थेंब साठवतात. तेलासाठी शैवाल वाढवणारे मुद्दाम हीच उपासमार करतात, पण त्यात वाढ थांबते, म्हणून आधी पोटभर खायला घालून मग उपाशी ठेवतात. पिवळ्या फ्लास्कमध्ये थोडं नायट्रेट टाका. दोन-तीन दिवसांत हिरवट झाला तर जिवंत आहे.

सांडपाणी बंद केलं, तरी तळं हिरवंच का?

खोल सरोवर असेल तर ते लवकर सुधारतं. अमेरिकेतल्या लेक वॉशिंग्टनमध्ये येणारं सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं आणि काही वर्षांतच पाणी नितळ झालं. स्वीडनमधलं ट्रुमेन सरोवर उथळ होतं. तिथे १९५० च्या दशकाच्या शेवटी सांडपाणी थांबवूनही दहा वर्षं काही सुधारलं नाही, कारण गाळच फॉस्फरस परत देत होता. १९७०-७१ मध्ये वरचा गाळ उपसला, तेव्हा कुठे फरक पडला. तुमचं तळं उथळ असेल आणि त्यात खारं पाणीही येत असेल, तर आधी गाळातला फॉस्फरस आणि तळाजवळच्या पाण्याची वाहकता मोजून घ्या. वरच्या पाण्याचा एक नमुना या दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही.